पंपाकडून नोझलकडे: घाटातल्या ट्रकच्या डिझेलची गोष्ट

कोकणातून माल बाहेर काढायचा म्हणजे घाट चुकत नाही. मुंबईकडे कशेडी, भोस्ते, परशुराम. देशावर जायचं तर कुंभार्ली, आंबा, फोंडा नाहीतर करूळ. आंब्याच्या पेट्या असोत, बर्फातली मासळी असो की जांभ्याचा चिरा, गाडी चढणीला बसली की ड्रायव्हर-मालकांत एकच विषय निघायचा: इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपाचं डिझेल वाढवून घ्यायचं का? आज तोच प्रश्न ‘इंजेक्टर (सिलिंडरात डिझेलचा फवारा सोडणारे भाग, ज्यांचं टोक म्हणजे नोझल) मोठे टाकू का’ असा विचारला जातो. मधल्या काळात पंप आणि इंजेक्टर यांच्यातली कामाची वाटणीच उलटली. ती कशी उलटली हे कळल्याशिवाय दोन्हींवर खर्च करण्यात अर्थ नाही.

1897 मध्ये ऑग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलचं इंजिन चाललं, तेव्हा इंधन सिलिंडरात ढकलायला दाबलेली हवा वापरायचे. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. असलं धूड कारखान्यात किंवा जहाजावर ठीक, गाडीत नाही. रॉबर्ट बॉशने 1922 मध्ये इंजेक्शन पंपाचं काम हाती घेतलं आणि 1927 पासून तो पंप कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागला. डिझेल ट्रक खऱ्या अर्थाने रस्त्यावर आला तो या पंपामुळे, असं म्हटलं तरी चालेल.

आपल्याकडे 1951 मध्ये मायको ही कंपनी सुरू झाली आणि बंगळूरला बॉशच्या परवान्याने पंप बनू लागले. 1954 मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ट्रकसाठी डाइमलर-बेंझशी करार केला. मायको हे नाव 2008 मध्ये कागदावरून जाऊन बॉश झालं, पण जुन्या मेकॅनिकच्या तोंडी ‘मायकोचा पंप’ अजून आहे.

या लाइन पंपात, म्हणजे सगळे एलिमेंट एका ओळीत असलेल्या पंपात, सगळी अक्कल पंपातच असते. प्रत्येक सिलिंडरला एक एलिमेंट, म्हणजे बॅरलमध्ये वरखाली होणारा प्लंजर. दोघांतली फट दोन-तीन मायक्रॉनची. प्लंजरवर तिरका कट असतो. रॅक, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने हलणारी पट्टी, सरकली की प्लंजर फिरतो, आणि कटाचा कोणता भाग बॅरलच्या भोकासमोर येतो त्यावर किती डिझेल जाणार ते ठरतं. दाब तयार करणं, माप ठरवणं, वेळ साधणं ही तिन्ही कामं पंपाची. इंजेक्टर बिचारा हुकमाचा ताबेदार: साधारण 200 बार दाब आला की स्प्रिंग दबते, नोझल उघडतं, फवारा उडतो.

त्यामुळे ताकद वाढवायची तर पंपवाल्याकडेच जावं लागे. सील तोडून डिझेलचा स्क्रू फिरवणं हा सर्वात स्वस्त उपाय, आणि माझ्या मते सर्वात वाईटही. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते, आणि डिझेल इंजिनाला धूर टाळायचा तर त्याहून बरीच जास्त. टाटाचं जुनं 697 इंजिन कित्येक वर्षं विनाटर्बोचंच, म्हणजे जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोशिवायच, येत होतं. त्यात हवा वाढवायची सोयच नव्हती. मग डिझेल वाढवलं की घाटात मागे काळा लोट, पिस्टन-व्हॉल्व्ह तापणार, आणि सुटलेलं डिझेल स्लीव्हवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं, ऑइल धुऊन काढणार. चढण दोन मिनिटं लवकर संपायची, इंजिन काही वर्षं लवकर. शहाणे मालक पंप काढून कॅलिब्रेशनला पाठवायचे आणि सहाही एलिमेंट सारखं डिझेल देतात ना एवढंच पाहून घ्यायचे. निम्म्या वेळा तेवढ्यानेच गाडीला दम यायचा.

1993 मध्ये टाटा आणि कमिन्स या अमेरिकी इंजिन कंपनीची भागीदारी झाली आणि जमशेदपूरला बी-सिरीज इंजिनं बनू लागली. हेच 5.9 लिटरचं इंजिन अमेरिकेत 1989 पासून डॉजच्या पिकअपमध्ये होतं. तिथल्या हौशी मालकांनी त्याचा पंप, इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगा, नोझल आणि टर्बो असं सगळं बदलून मूळच्या कित्येक पट ताकद काढली. पण ती मंडळी रिकामी पिकअप शर्यतीला नेतात. आपली गाडी दहा टन घेऊन कशेडी चढते. त्यांचे आकडे बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

खरी उलथापालथ कॉमन रेलने, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या एकाच दाबाच्या नळीने, केली. 1995 मध्ये डेन्सोने ती हिनोच्या ट्रकमध्ये आणली, 1997 मध्ये बॉशची प्रणाली अल्फा रोमिओच्या कारमध्ये आली. यात पंपाचं काम एकच: रेलमध्ये दाब भरून ठेवणं. सुरुवातीला 1350 बार, आता 2000 च्याही वर. किती डिझेल, कधी, एका स्ट्रोकमध्ये किती तुकड्यांत, हे सगळं ईसीएमच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) सांगण्यावरून इंजेक्टर करतो. म्हणजे हुकमाचा ताबेदार कारभारी झाला.

आपल्या ट्रकमध्ये हे टप्प्याटप्प्याने आलं. एप्रिल 2017 पासून देशभर बीएस4 हे प्रदूषणाचं मानक लागू झालं, तरी अशोक लेलँडने लाइन पंप ठेवूनच ते साधलं होतं. एप्रिल 2020 च्या बीएस6 नंतर मात्र कॉमन रेलला पर्याय उरला नाही.

म्हणून आता नुसते मोठ्या नोझलचे इंजेक्टर टाकले तर पंप पुरा पडत नाही. ऐन चढणीला रेल प्रेशर खाली येतं, चेक लाइट लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे कॉम्प्युटर तिची ताकद आवळतो. अमेरिकेत यावर बॉशचे दोन-दोन सीपी3 (कॉमन रेलचे) पंप बसवतात. उलट, नुसता मोठा पंप टाकून काहीच मिळत नाही, कारण माप इंजेक्टरच्या हाती. शिवाय हवा, टर्बो आणि मॅप (ईसीएममधली डिझेलच्या मापाची आखणी) हे तिन्ही त्यासोबत बदलावे लागतात. बीएस6 गाडीत धूर गाळणारा डीपीएफ असतो. जास्तीची काजळी त्यात साचते. कायद्याने तर गाडीतल्या फेरफारावर बंधन घालणारं मोटार वाहन अधिनियम 1988 चं कलम 52 आहेच.

कोकणात आणखी एक भानगड आहे, पाण्याची. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत दव धरतं. जुना पंप थोडं पाणी सोसायचा, त्याच्या कॅमला इंजिन ऑइलचं वंगण असे. बऱ्याच कॉमन रेल पंपांना वंगण डिझेलचंच, आणि बीएस6 डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमवर आणताना त्याचा मूळचा वंगणगुणही कमी होतो, तो अ‍ॅडिटिव्हने भरून काढतात. त्यात पाणी गेलं की पंप झिजतो, त्याची कीस रेलमधून सगळ्या इंजेक्टरांत पसरते आणि मग टाकीपासून नोझलपर्यंत सगळं उघडावं लागतं. इथल्या मालकाला इंजेक्टर-पंपाच्या अपग्रेडवर पैसे घालायचेच असतील, तर त्यातले पहिले चांगल्या वॉटर सेपरेटरवर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भागावर) आणि वेळेवर बदललेल्या फिल्टरवर जावेत.