कोडिंग जमेल की नाही, हे कधी कळतं?

सीईटीचा निकाल लागला की ठाण्यातल्या घराघरांत ब्रँचची चर्चा सुरू होते. ट्रान्सहार्बरच्या लोकलमधून ऐरोली-रबाळेच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती येता-जाता दिसत असतात, त्यामुळे उत्तर बहुतेक ठरलेलंच असतं: कॉम्प्युटर, नाहीतर आयटी. मग एखादे काका शंका काढतात, "पण याचं गणित कच्चं आहे, झेपेल का याला?"

शंका रास्त आहे. पहिलाच प्रोग्रॅमिंगचा कोर्स अनेकांना जड जातो. वॉटसन आणि ली या संशोधकांनी २०१४ मध्ये १५ देशांतल्या १६१ कोर्सेसचे निकाल एकत्र केले, तेव्हा उत्तीर्णांचं सरासरी प्रमाण ६७.७ टक्के निघालं. म्हणजे साधारण तिघांतला एक मागे राहतो. तो एक कोण, हे आधीच ओळखता येईल का, हा प्रश्न संशोधकांना कित्येक दशकं छळतो आहे. आयबीएमने १९५०च्या दशकातच नोकरभरतीसाठी प्रोग्रॅमरची अभियोग्यता चाचणी काढली होती. पण त्या चाचणीतले गुण आणि माणसाचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ काही नीटसा बसला नाही.

सगळ्यात गाजलेला प्रयत्न २००६ चा, लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांचा. कोर्स सुरू होण्याआधीच त्यांनी मुलांपुढे असले प्रश्न ठेवले: अ = १०, ब = २०. आता 'अ = ब' असं लिहिलं, तर अ किती आणि ब किती? प्रोग्रॅमिंगमध्ये याचा अर्थ 'ब मधली किंमत अ मध्ये उतरवून घे' असा होतो, म्हणून दोन्ही २०. पण हे कधीच न शिकलेला मुलगा आपल्या परीने काहीतरी अर्थ लावतो. कुणाला वाटतं अदलाबदल झाली, कुणाला वाटतं ब रिकामा झाला. देहनादींचं म्हणणं असं, की उत्तर चूक असलं तरी चालेल, पण सगळ्या प्रश्नांना एकच नियम लावणारी मुलं पुढे पास होतात, दर प्रश्नाला नियम बदलणारी अडकतात. कल्पना मोठी देखणी होती. लेखाचा मसुदा इंटरनेटवर वणव्यासारखा पसरला. 'कोडिंग रक्तात असावं लागतं' म्हणणाऱ्यांना आयता पुरावाच मिळाला.

तो टिकला नाही. डेन्मार्कमधल्या आर्हूसच्या संशोधकांनी २००७ मध्ये हीच चाचणी घेतली, तर त्यांना असा संबंध सापडला नाही. आणि २०१४ मध्ये खुद्द बोर्नाट यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला. पुढे २०१६ मध्ये एलिझाबेथ पॅटिट्सास आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ७७८ वर्गांचे निकाल तपासले. 'जमणारे' आणि 'न जमणारे' असे दोन स्पष्ट गट त्यांतल्या ५.८ टक्के वर्गांतच दिसले. उपजत देणगीवर विश्वास असलेल्या प्राध्यापकांना मात्र संदिग्ध आलेखातही ते दोन गट दिसत होते. आमच्या स्टाफरूममध्ये हे वाचून दाखवायला हवं.

काकांच्या गणिताचं काय? संबंध आहे, पण वाटतो तेवढा नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात शँटेल प्रॅट यांच्या गटाने २०२० मध्ये पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या ३६ जणांचा अभ्यास केला. शिकण्यातल्या फरकाचा सुमारे १७ टक्के भाग नवी भाषा शिकण्याच्या क्षमतेवरून उलगडला, आकडेमोडीवरून जेमतेम २ टक्के. ३६ हा आकडा लहानच, त्यावर फार इमले बांधू नयेत. त्याआधी २००१ मध्ये ब्रेंडा विल्सन आणि शॅरन श्रॉक यांनी बारा घटक तपासले, त्यात गणिताच्या तयारीचा नंबर दुसरा आला. पहिला होता वर्गात वाटणारा मोकळेपणा: प्रश्न विचारायला भीती वाटते का, लॅबमध्ये धास्ती असते का.

या धास्तीचं रूप लॅबमध्ये नीट दिसतं. पहिलं सेमिस्टर, सी भाषा. मराठी माध्यमातून आलेला एक मुलगा सातव्या ओळीच्या शेवटी सेमिकोलन, म्हणजे विधान संपल्याची खूण, द्यायला विसरतो. कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, एरर दाखवतो आठव्या ओळीवर, कारण तिथे पोचल्यावरच त्याला गडबड कळते. मुलगा आठवी ओळ खोडून पुन्हा लिहितो. रन. तोच एरर. कंस बदलतो. रन. तोच एरर. इंग्रजी मेसेज तो वाचतच नाही, फक्त लाल रंग बघतो. शेजारची मुलगी तीच चूक करते, पण मेसेज वाचून एक ओळ वर जाते आणि पुढच्या रनला मोकळी होते.

बारावीच्या मार्कांपेक्षा हा फरक जास्त बोलका आहे. केंट विद्यापीठात जावा शिकणाऱ्या मुलांवर काम करताना मॅथ्यू जादूद यांनी २००६ मध्ये तो मोजायची युक्ती काढली. लागोपाठच्या दोन रनमध्ये एरर आला तर दंड, तोच एरर पुन्हा आला तर जादा दंड, आणि त्यातून शून्य ते एक असा अंक. पुढे डरहॅम विद्यापीठाच्या गटाने त्यात वेळही धरला: हीच चूक दुरुस्त करायला इतरांच्या तुलनेत याला किती वेळ लागला? फिनलंड-ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तर पहिल्या आठवड्यातल्या नोंदींवरूनच अडखळणारी बरीच मुलं ओळखून दाखवली.

इतक्या लवकर कसं कळतं? न्यूझीलंडच्या अँथनी रॉबिन्स यांचं स्पष्टीकरण मला पटतं. प्रोग्रॅमिंगमधल्या कल्पना विणकामाच्या टाक्यांसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. व्हेरिएबल (किंमत ठेवायची जागा) कळलं नाही तर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं) कळत नाही, लूप नाही तर अ‍ॅरे (किमतींची रांग) नाही. पहिल्या आठवड्यात सारखीच असलेली दोन मुलं दहाव्या आठवड्यात कुठल्या कुठे गेलेली असतात.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. आपण मोजतो जर्नल, आणि सबमिशनच्या आठवड्यात सगळ्यांची जर्नलं सारखीच सुबक असतात, कारण मूळ प्रोग्रॅम एकाचाच असतो. अडखळण्याची नोंद कुठेच राहत नाही. प्रत्येक रनची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर लॅबमध्ये बसवणं फार अवघड नाही. मात्र फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या मुलांवर तयार केलेलं गणित नेरूळच्या लॅबला जसंच्या तसं लावता येणार नाही. भाषा वेगळी, परीक्षा वेगळी, एका मशीनवर दोघं बसलेले. गणित इथल्याच नोंदींवर बसवावं लागेल, आणि तो अंक इंटर्नल मार्कांना जोडला, तर मुलं चार दिवसांत कमी रन करायला शिकतील.

अंदाज चुकणारच, पण दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या महाग नाहीत. ठीकठाक चाललेल्या मुलाला उगाच बोलावलं, तर लॅबनंतरचा अर्धा तास जातो. अडकलेला नजरेतून सुटला, तर त्याला केटी लागते आणि पुढच्या सेमिस्टरच्या अभ्यासाबरोबर हाच पेपर पुन्हा द्यावा लागतो. म्हणून धोक्याची खूण थोड्याशा संशयावरही लावावी, आणि ती फक्त शिकवणाऱ्याला दिसावी.