मिठाची माती आणि मेणाची माती

शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये दोन बादल्या असतात. दोन्हींत चाळलेली तपकिरी माती, दोन्हींवर घट्ट झाकण. नुसतं बघून कुठली कुठली ते ओळखता येत नाही. एका मातीत मीठ कालवलेलं आहे, दुसरीत मेण. दोन्ही कशासाठी असं विचारलं, तर उत्तर एकच मिळतं: कडाक्याच्या थंडीत जमिनीत पुरलेला सापळा गोठून बसू नये म्हणून. त्यामुळे इथले नवे लोक दोन्हींना सरसकट ‘न गोठणारी माती’ म्हणतात आणि हाताला येईल ती वापरतात. पण दोन्हींवर चमचा-चमचा पाणी टाकून बघा. मिठाच्या मातीत पाणी क्षणात जिरतं आणि काळपट डाग पडतो. मेणाच्या मातीवर मात्र अळवावरच्या पाण्यासारखा टपोरा थेंब थरथरत उभा राहतो.

मी कॅनडात राहते, अल्बर्टा प्रांताच्या दक्षिणेला, लेथब्रिजजवळ. माझं काम माती तपासण्याचं. आजोबांची गुरं आहेत आणि वासरांच्या दिवसांत कायोटींचा उपद्रव असतो. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा लहान असा प्राणी. त्याच्यासाठी ते परवाना काढून पायाला धरणारे लोखंडी सापळे लावतात. गेले तीन हिवाळे मी त्यांच्याबरोबर सकाळच्या फेरीला जाते, आणि माझं लक्ष प्राण्यापेक्षा मातीकडेच जास्त असतं.

हा सापळा आपल्याकडच्या वाचकाला चीड आणणारा आहे, याची मला जाणीव आहे. एप्रिल २०१२मध्ये ताडोबाजवळ असल्याच सापळ्यांत दोन वाघ अडकले आणि त्यांतला एक मेला. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सापळ्यात धरणं ही शिकारच, आणि ते योग्यच आहे. युरोपीय संघातही पाय पकडणाऱ्या सापळ्यांचा वापर १९९५पासून बंद आहे. कॅनडात तो नियमांच्या चौकटीत चालतो. आणि जिथे चालतो तिथे तो नीट चालला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. अर्धवट गोठलेला सापळा निव्वळ निकामी झाला तर एक वेळ चालेल. तो उशिरा, अडखळत मिटला, तर पंजा नीट धरला न जाता फक्त बोटं चिमटली जातात आणि जनावर ओढाताण करून स्वतःला जखमी करून घेतं.

सापळ्याची रचना साधी आहे. मधोमध रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी एक चकती, दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले जबडे, खाली ताणलेल्या स्प्रिंगा. चकतीवर पाय पडला की ती खाली जाते, खटका सुटतो आणि जबडे वरची माती फोडून मिटतात. हे सगळं खड्ड्यात बसवून वर साधारण एक सेंटिमीटर माती पसरलेली असते. म्हणजे थंडी दोन ठिकाणी घात करू शकते. चकतीखालची ओल गोठली, तर चकती खाली जातच नाही. वरचा थर गोठला, तर त्याची खापरी होते आणि जबडे तिच्याखाली कोंडले जातात. या दोन जागा लक्षात ठेवल्या की मीठ आणि मेण यांतला फरक आपोआप उलगडतो.

मिठाची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. मे महिन्यात अंगणात पॉटचं आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ टाकायचो ना? तेच. मिठाने पाणी गोठण्याचा बिंदू खाली जातो. सोडियम क्लोराइडचं, म्हणजे साध्या मिठाचं, सुमारे २३ टक्क्यांचं द्रावण उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहू शकतं. हे झालं पुस्तकी. रस्त्यावर टाकलेलं मीठ साधारण उणे ९ अंशांच्या खाली फारसं काम करत नाही. कॅल्शियम क्लोराइड त्याहून बऱ्याच थंडीत काम करतं, म्हणून सापळेवाले ते पसंत करतात. पण ते हवेतलीसुद्धा ओल ओढून घेतं. उघडं ठेवलं तर काही वेळात स्वतःच पाझरून पाणी होतं.

म्हणजे बघा, मीठ माती कोरडी करत नाही. ते माती ओलीच ठेवतं, फक्त ती ओल गोठू देत नाही. मेणाचं काम नेमकं उलट. कोरड्या मातीच्या कणाकणावर पॅराफिनचा पातळ थर बसलेला असतो. पाणी आत शिरतच नाही, मग गोठायला आत असणार काय? एक उपाय पाण्याशी तडजोड करतो, दुसरा पाण्याला दारातच अडवतो. म्हणूनच दोन्ही एकत्र केले की घोटाळा होतो. काही जण ‘डबल खात्री’ म्हणून मेणाच्या मातीवर मीठ भुरभुरतात. मिठाला काम करायला पाणी लागतं. मेणाच्या मातीत ते नसतं. मग मीठ ओल बोलावून आणतं, आणि कोरडं ठेवायला केलेल्या मातीत खारट चिखलाच्या रेघा पडतात.

आमच्याकडे या दोन मातींची खरी परीक्षा शिनूक वाऱ्यात होते. रॉकी पर्वतावरून उतरणारा हा कोरडा, उबदार वारा उणे वीसच्या थंडीला काही तासांत शून्याच्या वर नेतो. बर्फ वितळतो, पाणी वाहतं, आणि वारा पडला की सगळं पुन्हा गोठतं. एका हिवाळ्यात हे किती वेळा होतं ते मोजायचं मी सोडून दिलंय. अशा वेळी मिठाची माती पहिल्या रात्री उत्तम वागते. मग वितळलेलं पाणी तिच्यात उतरतं, द्रावण पातळ होतं, मीठ खाली झिरपून जातं. दुसऱ्या रात्री जे गोठतं ते जवळपास साधं पाणीच असतं. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी मीठ तिथे उरलेलंच नसतं.

आणि आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मी मूळची सांगलीकडची. उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड आणि चोपण झालेल्या जमिनी लहानपणापासून पाहिल्यात. चोपण जमीन ओली असताना चिकट असते, आणि वाळली की विटेसारखी कडक होते. कारण सोडियम. तो चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून सुटं करतो, ते भोकाभोकांत जाऊन बसतात आणि माती दगड होते. दक्षिण अल्बर्टातही अशा सोडियमवाल्या जमिनींचे पट्टे आहेत. तर चिकणमातीत साधं मीठ कालवून सापळ्यावर पसरणं म्हणजे वाटीभर चोपण जमीन स्वतःच्या हाताने तयार करणं. दोन-तीन वेळा ओली होऊन वाळली की ती न गोठताही खापरीसारखी घट्ट बसते! आजोबांना वाटायचं माती गोठली. मी तो तुकडा घरात आणून ठेवला. दोन दिवस उबेत राहूनही तो तसाच कडक होता. बर्फ असता तर केव्हाच विरघळला असता. कॅल्शियमचं तसं नाही, तो कणांना धरून ठेवतो. चोपण जमीन सुधारायला आपण जिप्सम घालतो ते कॅल्शियमसाठीच. तेव्हा मीठच वापरायचं असेल तर वाळूसर माती घ्या आणि कॅल्शियम क्लोराइड वापरा, हे मी आग्रहाने सांगते.

गंज तर ठरलेलाच. खटक्याच्या खाचेत गंजाची पूड बसली की खटका जड सुटतो. शिवाय खारट जागा चाटायला हरणं आणि साळिंदरं येतात, म्हणजे ज्यांच्यासाठी सापळा नाही तीच त्यात पाय घालायची भीती.

पण मला मिठाबद्दल सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. पॉटच्या बर्फात हात घालून बघितलाय कधी? नुसत्या बर्फापेक्षा मीठ घातलेलं बर्फाचं पाणी जास्त झोंबतं, कारण ते शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही पातळ राहतं आणि कातडीला सगळीकडून चिकटतं. उणे दहा अंशांना खारट चिखलात रुतलेला पंजा हेच भोगत असतो. सापळ्याने धरलेल्या पायात रक्त आधीच कमी फिरतं. त्यात ही ओल. कोरड्या मेणाच्या मातीत हा त्रास नाही, आणि माझं मत मेणाच्या बाजूने झुकलं ते मुख्यतः यामुळे.

मेणाची माती निर्दोष आहे असं मात्र समजू नका. ती भिजत नाही, पण बुडू शकते. सापळ्याचा खड्डा म्हणजे वाडगाच. शिनूकमध्ये चहूबाजूंनी पाणी त्यात उतरलं, तर कणांच्या मधल्या फटी भरतात आणि सगळ्याचा मिळून एकच गोळा गोठतो. पहिल्या हिवाळ्यात मी हे पाहिलं. वरून माती मोकळी, बोट घातलं तर भुसभुशीत, आणि दोन बोटं खाली काचेसारखा बर्फ, ज्यात चकती रुतलेली. तेव्हापासून आजोबा सापळ्यासाठी उंचवट्याची किंवा उताराची जागाच निवडतात, आणि मेणाची माती वर पसरण्याआधी खड्ड्याच्या तळाशी आणि कडांनाही भरतात. आपण फक्त वरचा थर मेणाचा केला, तर खालची ओल सावकाश वर येतेच. दुसरं म्हणजे वारा. ही माती हलकी आणि सुटी असते, आणि लेथब्रिजचा वारा ती सहज उडवून नेतो. आजोबा वर थोडी जाडसर माती आणि वाळलेल्या गवताचा चुरा टाकतात. मेण जास्त झालं तर थंडीत गुठळ्या होतात. चकती आणि जबड्यांच्या मध्ये त्यातली एखादी अडकली की संपलं.

सापळ्याला लावायचं मेण हा निराळा विषय. वितळलेल्या गरम मेणात सापळा बुडवून काढतात तो लोखंड गंजू नये आणि जबडे झटकन मिटावेत म्हणून. तेवढ्याने आजूबाजूची माती गोठायची थांबत नाही.

मिठाऐवजी काही जण ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव रसायन, फवारतात. त्यातही दोन सारखी दिसणारी रसायनं आहेत. प्रॉपिलीन ग्लायकॉल खाद्यपदार्थांतही वापरलं जातं. गाडीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल मात्र विष आहे, चवीला गोड असतं, आणि ते चाटून कुत्री मरतात. डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय यातलं काहीही मातीत घालू नका.

मग कधी काय? ऑक्टोबरच्या शेवटी, जमीन अजून गोठलेली नाही, फक्त पहाटे दोन-तीन अंश खाली जातंय, अशा एखाद-दुसऱ्या रात्रीपुरतं मीठ चालेल. वितळणं-गोठणं सुरू झालं की मेण. आणि पारा उणे पंधराच्या खाली जाणार असेल, तर आजोबा सापळे मिटवून ठेवतात. माती तेव्हाही भुसभुशीत असते, सापळाही चालला असता. पण तेवढ्या थंडीत अडकलेला पाय सकाळपर्यंत गोठतो.

खात्रीसाठी त्यांची एक सवय मला फार आवडते. प्रत्येक सापळ्यापासून दोन हातांवर ते तळहाताएवढा एक रिकामा खड्डा करतात आणि त्यात तीच माती तशीच भरतात. सकाळी आधी त्यात काडी खुपसायची. काडी सहज आत गेली तर सापळाही मोकळा आहे. अडली तर सापळा उचलायचा आणि माती बदलायची.

एवढं असून मीठच का जास्त वापरलं जातं? कारण ते थंडी पडल्यावर कुठल्याही दुकानात पोत्याने मिळतं. मेणाची माती ऑगस्टमध्येच करावी लागते. काळ्या ताडपत्रीवर चाळलेली माती खडखडीत वाळवायची, त्यात मेणाचा कीस मिसळायचा आणि कडक उन्हात फावड्याने पुन्हा पुन्हा खालीवर करायची, मेण वितळून कणाकणाला लागेपर्यंत. आमच्याकडे असं ऊन वर्षाला जेमतेम काही आठवडे पडतं. ते गेलं की नोव्हेंबरमध्ये हाती मिठाचं पोतंच उरतं.