रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायला आपण उशीर का करतो?

छातीत दुखतंय म्हटलं की आमच्याकडे आधी ओवा-मीठ निघतं. माझ्या काकांना पहाटे असंच झालं. बनियन घामाने चिंब, डावा हात जड, तरी म्हणाले, "ॲम्ब्युलन्स नको रे, अख्खी चाळ गोळा होईल. रिक्षा बघ."

हे एकट्या काकांचं नाही. आपल्या आठवणीतली रुग्णवाहिका म्हणजे एक स्ट्रेचर आणि एक ड्रायव्हर. एखाद्या ट्रस्टची किंवा मंडळाची, नंबर शोधून बोलवायची. पेशंटला मोठ्या दवाखान्यात हलवायला, नाहीतर देह घरी आणायला. खेड्यात तर बाज आणि झोळी. गाडीत उपचारच नव्हते, मग रिक्षाच बरी, हा हिशेब तेव्हा चुकीचा नव्हता.

दुसरी भीती पोलिसांची. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवलं. जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस म्हणून त्याला वीस किलोमीटरवर पाठवलं आणि तो वाटेतच गेला. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये बजावलं की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण मिळायला मात्र २०१६ उजाडलं. २०१९ मध्ये ते मोटार वाहन कायद्यातही आलं. ही गोष्ट अजून पुरेशी घरोघरी पोचलेली नाही, याचं फार वाईट वाटतं.

मधल्या काळात वैद्यकशास्त्रही बदललं. पूर्वी लकवा मारला की वाट बघण्यापलीकडे फारसं काही हाती नसे. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध तीन तासांच्या आत दिलं तर फायदा होतो, हे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. पुढे ती मुदत साडेचार तासांवर गेली. म्हणून तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, एक हात लुळा पडला की 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. घाम फुटून छातीत दुखणं, धाप न थांबणं, शुद्ध हरपणं, रक्त न थांबणं, यांनाही तेच लागू.

१०८ ची सुरुवात १५ ऑगस्ट २००५ ला आंध्र प्रदेशात झाली. गोव्यात ती २००८ मध्ये आली, महाराष्ट्रात २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी. आपल्याकडे सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ व्हेंटिलेटरसारख्या प्रगत साधनांच्या. पैसे लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. उपचार दारातच सुरू होतात. रिक्षाचा हिशेब इथेच मोडला, पण सवय मोडली नाही.

काकांसाठी आम्ही शेवटी १०८ लावला. तोवर ओवा, गॅसची गोळी आणि रिक्षाची शोधाशोध यात चाळीस मिनिटं गेली होती. डॉक्टर जिना चढून आले, काकांच्या छातीवर ईसीजीच्या पट्ट्या चिकटवता चिकटवता त्यांनी पहिलंच विचारलं, "दुखायला किती वाजता लागलं?" काकू घड्याळाकडे बघत राहिल्या.