स्वतः गाडी चालवत सफारी: आफ्रिकेच्या दक्षिण भागात ही पद्धत रुजली कशी

ताडोब्यात जिप्सी, चालक आणि गाइड यांच्याशिवाय सफारी होत नाही. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना या देशांत मात्र भाड्याची गाडी घ्यायची, फाटकावर शुल्क भरायचं आणि हत्ती-सिंहांच्या मुलखात आपलं आपण फिरायचं, ही रीत जवळपास शंभर वर्षांची आहे. ती प्रत्येक देशात वेगळ्या वाटेने आली, म्हणूनच एका उद्यानातली सवय दुसरीकडे चालत नाही.

सुरुवात दक्षिण आफ्रिकेत, रेल्वेपासून झाली. १८९८ साली जाहीर झालेल्या साबी राखीव क्षेत्रातून सेलाटी रेल्वेमार्ग जात होता. १९२३ मध्ये रेल्वेने नऊ दिवसांची सहल सुरू केली आणि साबी पुलाजवळचा मुक्काम प्रवाशांना सगळ्यात जास्त आवडला. १९०२ पासून तिथले वॉर्डन असलेले जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना यातून हुकमी मुद्दा मिळाला: लोक जिवंत प्राणी पाहायला पैसे मोजतात. १९२६ च्या कायद्याने साबी क्षेत्र सामावून घेऊन क्रूगर राष्ट्रीय उद्यान झालं. १९२७ मध्ये एक पौंड शुल्क भरून तीन मोटारी आत आल्या, १९२८ मध्ये १८०, तर १९२९ मध्ये ८५०. मोटारवाल्यांचा पाठिंबा हाच उद्यानाचा आधार होता, त्यामुळे रस्ते आणि मुक्कामाचे कॅम्प त्यांच्या सोयीने बांधले गेले. कॅम्पला कुंपण, माणसं आत, प्राणी बाहेर. फाटक उघडायची आणि बंद व्हायची वेळ ठरलेली, रात्री रस्त्यावर गाडी नाही, ठरावीक जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही.

आजही तेच चालू आहे. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटर. थांबत, बघत गेलं की सरासरी २०-२५ च्या वर जात नाही. म्हणजे १०० किलोमीटरवरचा कॅम्प चार-पाच तास खातो. नकाशावरचं अंतर बघून दुपारी निघणारे फाटक बंद झाल्यावर पोहोचतात आणि दंड भरतात.

या मोकळ्या रानाची किंमत तिथल्या रहिवाशांनी मोजली. क्रूगरच्या उत्तर टोकाच्या माकुलेके लोकांना १९६९ मध्ये हुसकावून लावलं. जमिनीचा हक्क त्यांना १९९८ मध्ये परत मिळाला. नामिबियातल्या एटोशाचं राखीव क्षेत्र जर्मन राजवटीत १९०७ साली जाहीर झालं. तिथल्या हायोम लोकांना १९५४ मध्ये बाहेर काढलं. एटोशातले ओकाउक्वेयो, हलाली, नामुतोनी हे जुने कॅम्प कुंपणातले आहेत आणि पाणवठ्यांना लागून आहेत. रस्ते खडीचे, पण साध्या गाडीला झेपणारे.

बोट्सवानातल्या मोरेमीची गोष्ट निराळी आहे. शिकारीने जनावरं संपत चालल्याचं बघून बटावाना लोकांनी १९६३ मध्ये आपल्याच जमिनीवर हे राखीव क्षेत्र जाहीर केलं. पुढाकार त्यांचा राज्यकारभार पाहणाऱ्या एलिझाबेथ पुलाने मोरेमी या बाईंचा होता. इथे आणि शेजारच्या चोबेमध्ये मोकळ्यावरचे कॅम्प आहेत. थर्ड ब्रिज किंवा साव्हुतीच्या जागांना कुंपण नाही, तरस चुलीपर्यंत येतं. अन्न, कचरा, चपला, सगळं गाडीत बंद. तंबूत खाण्याची एकही वस्तू नको, आणि संत्री तर आणूच नयेत, हत्ती त्यांच्या वासावर येतात. अंधार पडल्यावर शौचालयापर्यंतही चालत जाणं टाळावं.

रस्ता म्हणजे वाळू. टायरमधली हवा ३५ वरून २०-२२ पीएसआयवर आणायची, फोर-व्हील वाळूच्या आधीच लावायचं आणि चाकं फिरून रुतायला लागली की लगेच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. रेटत राहिलं तर गाडी पोटावर बसते. सकाळची थंड वाळू घट्ट असते, दुपारची सुटी. डांबरावर परतताच हवा भरायची, नाहीतर टायरच्या बाजू तापून फाटतात. गवताचं बी रेडिएटर बुजवतं आणि सायलेन्सरजवळ साठून पेट घेतं, म्हणून गवतातून गेल्यावर दरवेळी खाली वाकून पाहायचं. मोरेमीच्या दक्षिणेचं मौन हे गाव सोडल्यावर पुढचं भरवशाचं डिझेल चोबेजवळच्या कसाने गावात, मध्ये सुमारे ४०० किलोमीटर. त्यात फिरणं धरलं नाही आणि वाळूत इंधन दीडपट-दुप्पट लागतं हे विसरलं, की लोक अडकतात.

बोट्सवानात रस्त्यावरच्या पशुवैद्यकीय चौकीवर कच्चं मांस का काढून घेतात, याचंही उत्तर इतिहासात आहे. गोमांसाच्या निर्यातीसाठी गुरांना लाळ-खुरकुतीपासून वाचवायला १९५० च्या दशकापासून लांबच लांब कुंपणं घातली गेली. कुके कुंपण १९५८ चं. रानम्हशींमध्ये या रोगाचा विषाणू टिकून राहतो, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चं मांस नेता येत नाही. याच कुंपणांनी पाण्याकडे निघालेल्या विल्डबीस्ट या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांची वाट अडवली आणि १९८० च्या दशकातल्या दुष्काळात ते मोठ्या संख्येने मेले. मांस शिजवून न्यावं, किंवा कुंपण ओलांडल्यावर विकत घ्यावं.

१९९० पासून बोट्सवानाने थोडे पर्यटक आणि जास्त दर हे धोरण धरलं. २००९ च्या सुमारास कॅम्पच्या बहुतेक जागा खासगी कंपन्यांकडे गेल्या. त्यामुळे मोरेमी-चोबेच्या एकाच फेरीत दोन-तीन कंपन्यांकडे वेगवेगळं आरक्षण करावं लागतं आणि उद्यानाचं प्रवेशशुल्क त्याखेरीज वन्यजीव खात्याला द्यावं लागतं. आधी जागा मिळवा, मग मार्ग आखा. आरक्षणाचा कागद नसेल तर मुक्कामासाठी फाटकातून आत सोडत नाहीत.