कलेजीचा स्प्रेड (खानदेशी घरगुती पद्धत)

कोंबडीची कलेजी परतून, लोणी किंवा तुपासोबत मऊसूत वाटून केलेला तिखट-खारा पदार्थ. तो पावाला किंवा भाकरीला लावून खातात. त्याचे मूळ युरोपात आहे. फ्रान्समधल्या ‘पाते’च्या (मांस वाटून केलेल्या पदार्थाच्या) एका प्रकारात कलेजीबरोबर लोणी आणि थोडी ब्रँडी असते. पूर्व युरोपातले ज्यू कलेजी, परतलेला कांदा आणि उकडलेली अंडी कोंबडीच्या चरबीत कालवतात. खानदेशात कलेजी एरवी रश्श्यात पडते किंवा काळ्या मसाल्यात सुकी होते. तरी जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांना हा पदार्थ सहज जमावा, कारण भाजलेली वांगी बडजीत (लाकडी भांड्यात) कुटून भरीत करणाऱ्या हाताला वाटणाचा पोत कळतो.

अर्धा किलो कलेजीला दोन मोठे कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा आणि दीडशे ते दोनशे ग्रॅम लोणी किंवा तूप लागते. सर्वांत महत्त्वाचे काम साफसफाईचे. कलेजीला कधी पित्ताची पिशवी चिकटून आलेली असते. ती न फोडता काढावी आणि हिरवट डाग पडलेला भाग कापून टाकावा, कारण पित्ताचा एक थेंबही सगळे वाटण कडू करतो. पांढरे दोरेही काढावेत. वास उग्र वाटत असेल तर कलेजी तासभर दुधात बुडवून फ्रिजमध्ये ठेवतात.

कांदा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतून बाजूला काढावा. मग आच वाढवून कलेजी दोन घाण्यांत परतावी. एकदम घातली तर पाणी सुटते आणि ती शिजत बसते. जास्त शिजली की आतली प्रथिने आवळतात, रस निघून जातो आणि वाटण रवाळ होते. कच्ची ठेवणे मात्र धोक्याचे. तुकड्याच्या आतले तापमान 74 अंश सेल्सिअसला पोचले पाहिजे. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू याच भागात, नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आढळला. त्याचा विषाणू आणि कोंबडीच्या मांसातले नेहमीचे जिवाणू पुरेशा उष्णतेने मरतात. कच्च्या कलेजीची पाटी, सुरी आणि हात लगेच धुणेही तितकेच गरजेचे.

काळा मसाला अर्धा चमचाच घालावा. त्यातले भाजके खोबरे आणि दगडफूल कलेजीच्या चवीशी छान जुळते, पण प्रमाण वाढले की कडवटपणा येतो. सगळे कोमट असताना मिक्सरमध्ये फिरवत लोणी थोडे थोडे सोडावे. पाट्यावरही वाटता येते, पण मग चाळणीतून गाळले तरच पोत गुळगुळीत होतो. खानदेशातला स्वयंपाक शेंगदाणा तेलात होत असला तरी ते तेल इथे चालत नाही. फ्रिजमध्ये लोणी-तूप घट्ट होऊन वाटणाला बांधून ठेवते, तेल पातळच राहते.

भांड्यात भरून वर वितळलेल्या तुपाचा थर दिला की हवा लागून पृष्ठभाग काळवंडत नाही. हा थर फ्रिजची जागा घेत नाही. स्प्रेड फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. भुसावळ-जळगावकडच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तो तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. भाजलेल्या पावापेक्षा कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) गरम भाकरीवर, कच्च्या कांद्यासोबत, तो जास्त रुचतो. भाकरीतल्या उडदाची खरपूस चव त्याला उठाव देते.

शिजवलेल्या 100 ग्रॅम कलेजीत सुमारे 11 मिलिग्रॅम लोह असते. त्यामुळे रक्तक्षयात ती खायला सांगतात. मात्र तेवढ्यातच सुमारे 4,000 मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व असते, आणि प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा 3,000 मानली जाते. जादा अ जीवनसत्त्व गर्भाला अपायकारक ठरू शकते, म्हणून गर्भवतींनी हा स्प्रेड टाळावा. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह साचते, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच कलेजी खावी.