घरून काम, म्हणून रस्ते मोकळे?

‘घरून काम वाढलं की इंदूरचे रस्ते आपोआप मोकळे होतील’ हा मेसेज रामबाग-लोकमान्यनगरच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. तर्क सरळ आहे, म्हणून पटतो. पण त्यात प्रवास म्हणजे फक्त ऑफिसची ये-जा, असं धरलेलं आहे.

ऑफिसची फेरी वाचते, हे खरंच. मात्र पूर्वी परतताना उरकणारी भाजी, औषधं, मुलांचा क्लास यांसाठी आता वेगळं बाहेर पडावं लागतं. घरपोच मागवलं तर फेरी दुसऱ्याच्या दुचाकीवर जाते, संपत नाही. शिवाय रोज जायचं नसलं की राऊसारख्या लांबच्या भागात ऐसपैस घर परवडतं, आणि आठवड्यातल्या दोन फेऱ्याही लांबतात. राजवाड्याजवळचा दुकानदार, परिचारिका, गवंडी, रिक्षावाला यांना तर घरून काम कुठलं?

पडताळा घरीच घ्या. घरातल्या सगळ्या गाड्यांचे किलोमीटर सोमवारी लिहा, पुढच्या सोमवारी पुन्हा बघा. दाराशी आलेली पार्सलंही मोजा. मग ऑफिसला जायच्या आठवड्याशी ताडून पाहा. किलोमीटर कमी होतील, पण मेसेजात म्हटल्याइतके क्वचितच. म्हणून बसचं वेळापत्रक केवळ ऑफिसच्या वेळा धरून आखणं मला चुकीचं वाटतं. दुपारच्या छोट्या फेऱ्यांनाही बस हवी.