‘मास्टर’ म्हणजे कोणती प्रत? हाय-रेझ स्ट्रीमिंग सेवांच्या तुलनेमागचा इतिहास

हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाचे, संगीत पुरवणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांची तुलना करताना जे तक्ते मांडले जातात, त्यांचे रकाने आता ठरून गेले आहेत: कमाल किती बिट, कमाल किती किलोहर्ट्झ, किती कोटी गाणी आणि महिन्याची वर्गणी किती. या रकान्यांतील आकडे बहुधा बरोबर असतात. मात्र ते फाइलचे माप सांगतात. त्या फाइलमधले ध्वनिमुद्रण कोणत्या प्रतीवरून घेतले, ती प्रत कोणी तयार केली आणि वाटेत तिच्यावर काय संस्कार झाले, याला तक्त्यात जागा नसते. ही जागा का राहिली नाही हे समजून घ्यायचे तर २०१४ ते २०२४ या दहा वर्षांकडे, आणि त्यातही ‘मास्टर’ (ध्वनिमुद्रणाची अंतिम प्रत) या एका शब्दाच्या प्रवासाकडे, नीट पाहावे लागते.

त्याआधीचा भाग थोडक्यात सांगता येतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ हे माप पक्के केले, म्हणजे ध्वनीची सेकंदाला ४४,१०० मोजमापे आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत. यातील ४४.१ हा नेमका आकडा सोयीतून आला होता: त्या काळी डिजिटल ध्वनी साठवण्यासाठी व्हिडिओ फितीची यंत्रे वापरली जात आणि त्यांच्या चित्ररेषांच्या हिशेबात तो चपखल बसत होता. १९९९ मध्ये एसएसीडी आणि २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ ही सीडीच्या वरच्या दर्जाची दोन स्वरूपे एकमेकांशी झुंजत आली, पण त्याच सुमारास श्रोत्यांचा लोंढा १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीकडे वळला आणि दोन्ही स्वरूपे मूठभर रसिकांपुरती उरली. पुढे २००८ च्या सुमारास वरच्या दर्जाच्या फाइली डाउनलोड म्हणून विकल्या जाऊ लागल्या. त्या घेणारा वर्ग लहान, जाणकार आणि चिकित्सक होता. घेतलेली फाइल तो उघडून तपासत असे.

ही तपासणी कशी होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. ९६ किलोहर्ट्झचे लेबल असलेली फाइल वर्णपट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की डावीकडून उजवीकडे काळ आणि खालून वर कंप्रता असा रंगीत पट पडद्यावर उमटतो. फाइलच्या किलोहर्ट्झच्या निम्म्यापर्यंतच कंप्रता तिच्यात मावतात, म्हणून सीडीची हद्द सुमारे २२ किलोहर्ट्झ. त्या दर्जाच्या अस्सल मुद्रणात झांजेच्या आघाताचा रंग २२ किलोहर्ट्झच्याही वर जात हळूहळू विरतो. सीडीची फाइल फुगवून तयार केलेल्या मालात मात्र २२ किलोहर्ट्झपाशी पट्टीने आखावी तशी सरळ कड दिसते आणि तिच्यावर निव्वळ काळोख असतो. स्ट्रीमिंग आल्यावर फाइल श्रोत्याच्या हातात राहिली नाही आणि ही साधी तपासणीही त्याच्या आवाक्याबाहेर गेली. त्यानंतर भिस्त उरली ती सेवेने पडद्यावर दाखवलेल्या शब्दावर.

तो शब्द ठरवण्याचा पहिला मोठा प्रयत्न जून २०१४ मध्ये झाला. अमेरिकेतील व्यापारी संघटना आणि मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या यांनी मिळून व्याख्या जाहीर केली: सीडीपेक्षा सरस स्रोतांवरून मास्टर केलेल्या ध्वनिमुद्रणाची संपूर्ण ध्वनिव्याप्ती पुन्हा उभी करू शकणारा लॉसलेस (साठवताना काहीही न गमावणारा) ध्वनी म्हणजे हाय-रेझ. त्याखाली स्रोतानुसार चार वर्ग दिले होते. पहिला ४८ किलोहर्ट्झ व २० बिट किंवा त्याहून वरच्या पीसीएम (सीडीसारख्या नेहमीच्या डिजिटल पद्धतीच्या) मास्टरचा, दुसरा ॲनालॉग मास्टरचा, तिसरा डीएसडी (एसएसीडीत वापरलेल्या डिजिटल पद्धतीच्या) मास्टरचा आणि चौथा चक्क सीडी मास्टरचा, म्हणजे १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झचा. व्याख्येचे पहिले वाक्य ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवते, त्यालाच चौथा वर्ग मानाने आत बसवतो.

या विसंगतीवर तेव्हाच टीका झाली आणि ती योग्य होती. तरीही या चौथ्या वर्गामागची अडचण खरी होती. १९८० आणि १९९० च्या दशकांत ज्या अल्बमचे अंतिम मिक्स थेट १६ बिटांच्या डिजिटल फितीवर, उदाहरणार्थ डॅटवर, उतरवले गेले, त्यांचा याहून वरचा मास्टर मुळात अस्तित्वातच नाही. अशा अल्बमची सर्वोत्तम प्रत सीडीच्या मापाचीच असते. तिला हाय-रेझ म्हणावे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिच्यापेक्षा मोठी फाइल विकणे हे श्रोत्याशी सरळ वागणे नव्हे. त्याच वर्षी जपानमधील उद्योगसंघटनेने वेगळी वाट धरली आणि सीडीच्या मापापेक्षा सरस आकडे असणे हाच निकष मानला. उपकरणांवरच्या सोनेरी-काळ्या चिकटचिन्हासाठी तर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि ॲनालॉग बाजूस ४० किलोहर्ट्झपर्यंतची क्षमता अशा अटी आल्या. अमेरिकी व्याख्या स्रोताबद्दल बोलत होती, जपानी व्याख्या आकड्यांबद्दल. अमेरिकी व्याख्येत दोष होता, पण प्रश्न तिने बरोबर विचारला होता, असे माझे मत आहे. तिचे वर्ग सेवांच्या पडद्यावर कधी रुळले नाहीत. आकडे मात्र रुळले.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०१४ मध्ये एका ब्रिटिश ध्वनिउपकरण कंपनीने एमक्यूए ही पद्धत पुढे आणली. तिच्या नावातच ‘मास्टर’, ‘दर्जा’ आणि ‘प्रमाणित’ हे तिन्ही दावे होते. कल्पना अशी, की २४ बिटांच्या फाइलमधील सर्वात खालचे बिट एरवी गोंगाटाच्या पातळीखाली असतात. सीडीच्या पट्ट्याच्या वरच्या कंप्रतांची माहिती तिथे घडी घालून दडवायची. साध्या उपकरणावर ती फाइल साधीच वाजेल, परवानाप्राप्त सॉफ्टवेअरमध्ये पहिली घडी उलगडून ८८.२ किंवा ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाईल आणि पुढचे काम परवानाप्राप्त डॅक (डिजिटल फाइलचे ॲनालॉग ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) करील. फाइल सीडीच्या फाइलपेक्षा फार मोठी होत नसे, आणि २०१४ च्या मोबाइल इंटरनेटच्या काळात हे आकर्षण समजण्यासारखे होते. ध्वनिमुद्रण कंपन्यांना आणखी एक सोय दिसत होती: स्टुडिओतील पूर्ण फाइल जशीच्या तशी जगाच्या हाती न देता तिचा दर्जा विकता येणार होता.

जानेवारी २०१७ मध्ये टायडल या स्ट्रीमिंग सेवेने ही पद्धत स्वीकारली आणि त्या वर्गाला ‘मास्टर्स’ असे नाव दिले. या निर्णयाला या इतिहासात सर्वात जास्त जागा द्यायला हवी, कारण ‘मास्टर’ हा शब्द स्टुडिओतून उठून वर्गणीच्या पातळीचे नाव झाला तो इथे. स्टुडिओत मास्टर म्हणजे मिक्स पूर्ण झाल्यावर मास्टरिंग अभियंत्याने सिद्ध केलेली अंतिम प्रत. आणि एकाच अल्बमच्या अशा प्रती अनेक असतात. मूळ एलपीसाठी केलेली एक, १९८० च्या दशकातील सीडीसाठी केलेली दुसरी, पंचवीस वर्षांनी आवाज चढवून केलेली ‘रीमास्टर’ तिसरी. ‘मास्टर्स’ हे बिरुद यांपैकी कोणत्या प्रतीला लागले आहे, हे ॲपच्या पडद्यावरून कळत नसे.

माझ्या टेबलावर त्या काळात घेतलेला एक लहानसा डॅक आहे. त्याच्या पुढच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा दिवा आहे. एमक्यूए फाइल वाजू लागली की तो हिरवा होई, आणि फाइल ‘स्टुडिओ’ दर्जाची असेल तर निळा. निळ्या रंगाचा अधिकृत अर्थ असा, की ही प्रत कलावंताने किंवा निर्मात्याने स्टुडिओत मान्य केली आहे, किंवा हक्कधारकाने पडताळली आहे. सारा गुंता त्या दुसऱ्या ‘किंवा’मध्ये आहे. हक्कधारक म्हणजे बहुतेक वेळा ध्वनिमुद्रण कंपनी, आणि कंपनीने संग्रहातील फाइली घाऊक रूपांतराला दिल्या तरी दिवा निळाच होणार. अंधाऱ्या खोलीत तो निळा ठिपका पाहून मी कित्येक संध्याकाळी असे समजून ऐकले की गायकाने स्वतः होकार दिलेली प्रत आपल्यापर्यंत पोहोचली आहे.

दुसरा आक्षेप तांत्रिक होता. घडी घालताना वरच्या पट्ट्यातील माहिती जशीच्या तशी राहत नाही, म्हणजे ही पद्धत काटेकोर अर्थाने लॉसलेस नव्हती. समर्थकांचे म्हणणे असे, की कानाला जे महत्त्वाचे ते सर्व राखले जाते आणि फिल्टरांमुळे काळाच्या अक्षावर येणारा अस्पष्टपणाही दूर होतो. वाद बरीच वर्षे शब्दांचाच राहिला, कारण रूपांतराचे साधन बाहेरच्या कोणाच्या हाती नव्हते. २०२१ मध्ये एका स्वतंत्र परीक्षकाने चाचणीसंकेत मिसळलेले मुद्रण वितरकामार्फत टायडलवर चढवले, परत आलेली फाइल मूळ फाइलशी ताडून पाहिली आणि तिच्यातील फरक व वाढलेला गोंगाट जाहीर केला. पद्धतीच्या निर्मात्यांनी असे संकेत म्हणजे संगीत नव्हे, त्यांच्यासाठी हे साधन बनलेलेच नाही, असे उत्तर दिले. त्या उत्तरात तथ्य होते. पण परीक्षकाचे मुद्रण सेवेवरून काढून टाकले गेले आणि विश्वासाला तडा गेला तो तिथे.

खरे तर तोवर एमक्यूएचा मूळ आधारच निसटत चालला होता. फ्रान्समधील कोबुझ ही सेवा २४ बिट व १९२ किलोहर्ट्झपर्यंतच्या फाइली कोणतीही घडी न घालता, फ्लॅक या खुल्या स्वरूपात पाठवत होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती अमेरिकेत आली आणि वर्षअखेरीस तिने एमपीथ्रीची योजनाच बंद केली. सप्टेंबर २०१९ मध्ये ॲमेझॉननेही वरच्या दर्जाची सेवा तुलनेने स्वस्तात सुरू केली. घरोघरी पोहोचलेल्या इंटरनेटला ९६ किलोहर्ट्झची फाइल जड राहिली नव्हती. मे २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने हाच दर्जा जादा पैसे न घेता देण्याचे जाहीर केले, ॲमेझॉनने त्याच दिवशी जादा आकार रद्द केला, आणि दुप्पट वर्गणीवर उभा असलेला वेगळा ‘मास्टर’ वर्ग टिकवणे कठीण झाले. टायडल आणि कोबुझ भारतात अधिकृतपणे मिळत नसल्यामुळे अमेरिका-ब्रिटनमधील मराठी श्रोत्यांनी ज्यावर वर्षानुवर्षे वाद घातला, त्या दर्जाशी इथल्या बहुतेकांची पहिली गाठ पडली ती २०२१ मध्ये, ॲपलच्या सेवेतून.

त्यासोबत नवा गोंधळही आला. तीन मिनिटांचे गाणे नेहमीच्या दर्जात सुमारे ६ एमबीचे असते. ॲपलच्याच हिशेबाने २४ बिट व १९२ किलोहर्ट्झमध्ये ते १४५ एमबीचे होते. पण फोनसोबत वापरला जाणारा ॲपलचा लहान पांढरा जोड ४८ किलोहर्ट्झपर्यंतच जातो आणि बिनतारी हेडफोनवर ध्वनी पुन्हा दाबूनच पाठवला जातो. पडद्यावर ‘हाय-रेझ लॉसलेस’ ही अक्षरे असताना कानात काय पडते हे साखळीतील सर्वात कमजोर कडीवर ठरते, आणि सेवांच्या तुलनेत ही कडी क्वचितच मोजली जाते.

फरक कानाला कळतो का, या प्रश्नावर दोन अभ्यास वारंवार पुढे येतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एसएसीडी व डीव्हीडी-ऑडिओचा ध्वनी मध्येच सीडीच्या मापातून गाळून ऐकवला. ५५४ प्रयत्नांत श्रोत्यांची उत्तरे ४९.८ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. २०१६ मध्ये १८ अभ्यासांतील १२,५०० हून अधिक प्रयत्नांचा एकत्रित विचार झाला आणि आकडा ५२.३ टक्क्यांवर आला. प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये तो ६० च्या आसपास होता. दोन्ही बाजू यांतील आपल्याला हवा तो आकडा उचलतात. माझ्या अनुभवात दोन सेवांमधला जो फरक श्रोते पैजेवर सांगतात, तो बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीचा असतो: प्रत्येक सेवा गाण्यांची पातळी आपापल्या मापाने समान करते, आणि एका डेसिबलने मोठा आवाज ‘जास्त मोकळा’ वाटतो. उरलेला फरक प्रतीचा असतो, कारण एका सेवेवर जुनी प्रत असते आणि दुसरीवर रीमास्टर.

एप्रिल २०२३ मध्ये एमक्यूएची मालक कंपनी आर्थिक अडचणीमुळे प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि नंतर तिची मालमत्ता एका कॅनेडियन समूहाने घेतली. टायडलने त्याच वर्षी फ्लॅकमध्ये हाय-रेझ देणे सुरू केले, एप्रिल २०२४ मध्ये सर्व दर्जे एकाच वर्गणीत आणले आणि जुलै २०२४ मध्ये एमक्यूए फाइली काढून टाकल्या. २०२१ मध्ये घोषणा करून थांबलेल्या स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये २४ बिट व ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतची सेवा दिली. तिला ‘लॉसलेस’ एवढेच म्हटले, हाय-रेझ नव्हे. भारतात ती नव्या प्लॅटिनम योजनेत आली.

माझ्या डॅकवरचा दिवा आता निळा होत नाही, पण त्याने अर्धवट सोडलेला प्रश्न जुन्या मराठी संगीताच्या बाबतीत रोज समोर येतो. १९२५ पूर्वीच्या नाट्यपदांच्या तबकड्या भोंग्यासमोर गाऊन मुद्रित झाल्या आणि त्यांत ५ किलोहर्ट्झच्या वर स्वर जवळजवळ नाहीच. तरीही जतन करणारे तज्ज्ञ त्या २४ बिट व ९६ किलोहर्ट्झमध्ये उतरवतात, आणि त्याला चांगले कारण आहे: तबकडीवरच्या ओरखड्यांची कटकट वरच्या कंप्रतांपर्यंत पसरलेली असते, आणि ती जितकी स्पष्ट टिपली जाईल तितकी पुढे स्वराला धक्का न लावता वेगळी काढता येते. असे पद सेवेवर येते तेव्हा पडद्यावर २४/९६ लिहिलेले असू शकते. ते तबकडीच्या किती झिजलेल्या प्रतीवरून घेतले, सुई कोणत्या मापाची होती, गतीमुळे पट्टी काळी एकची दोन तर झाली नाही ना, आणि कटकट काढताना ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले का, यांपैकी कशाचीही नोंद गाण्याच्या माहितीच्या चौकटीत नसते.